गोठणाऱ्या जमिनीतले खांब

नोव्हेंबरात एक दिवस असा येतो की संध्याकाळी एसी बंद करता येतो. तो बंद झाला की कळतं, अर्धं वर्ष आपण केवढ्या घरघरीत राहत होतो. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या लहानशा फ्लॅटच्या खिडक्या उघडतात आणि बाहेरचं सगळं एकदम आत येतं. शेजारच्या व्हिलात कोळशावर लावलेल्या मटणाचा धूर, मशिदीतली बांग, सायकली घेऊन उतरलेल्या पोरांचा कालवा, रस्त्याच्या मधोमध नव्याने लावलेल्या पिटुनियांच्या वाफ्यातल्या ओल्या खताचा वास. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे या दिवसांत सगळ्या जणी एकमेकींना सांगतात की वेदर काय मस्त झालंय. मीही सांगते. मग घरी येते, पर्स खुर्चीत टाकते आणि पायातले बूटही न काढता पलंगावर आडवी होते.

उन्हाळ्यात दमायला निमित्त तरी असतं. अशा हवेत दमले म्हटलं की लोक तब्येतीची चौकशी करतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. ही हवा आली की मला फक्त गेल्या वर्षीचा हिवाळा आठवतो आणि त्या आठवणीनेच गळून गेल्यासारखं होतं. तो सबंध हिवाळा मी आणि माझ्या नवऱ्याने याच गॅलरीत बसून, फोनच्या पडद्यावर, कॅनडातल्या एका अंगणातले कुंपणाचे खांब हळूहळू जमिनीतून वर येताना बघितले.

माझा नवरा फिलिप. मी त्याला नावानेच हाक मारते; आमच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही दोघंही वसईचे. लग्न झाल्यावर लगेच इथे आलो आणि इथेच केस पिकले. फिलिप मुसफ्फामधल्या एका कंपनीत कुंपणं घालण्याच्या कामावर देखरेख करतो. तारेची, जाळीची, लोखंडी पट्ट्यांची, सगळी. त्यामुळे अल ऐनच्या रस्त्याने मी कितीदा गेले असले तरी तिथले वाळूचे डोंगर मला धड आठवत नाहीत. आठवतात ती कुंपणं. उंटांच्या एखाद्या फार्मपाशी फिलिप गाडीचा वेग कमी करतो आणि म्हणतो, "हे आपलं." थोडं पुढे गेल्यावर म्हणतो, "हे आपलं नाही. बघ कसं वाकलंय." मागच्या गाड्या तोवर हॉर्न मारून मारून वैतागलेल्या असतात.

आमचा मुलगा ग्लेन इथेच जन्मला, इथेच शिकला, आणि इथे जन्मलेल्या बहुतेक मुलांसारखा शिक्षण संपल्यावर पुढे कुठे, या प्रश्नापाशी येऊन उभा राहिला. तो कॅनडाला गेला. विनिपेग शहराच्या कडेला त्याने घर घेतलं, शारजात वाढलेल्या शेरिलशी लग्न केलं, आणि त्यांना एला झाली. घराच्या मागे एक तळं आहे, पावसाचं पाणी साठावं म्हणून वसाहत बांधतानाच खोदलेलं. एला चालायला लागली तशी शेरिलची झोप उडाली. मागच्या अंगणाला कुंपण हवं, असं ठरलं.

त्याच सुमारास आमचंही ठरत होतं. मार्चमध्ये फिलिपची नोकरी संपणार होती. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि माझाही व्हिसा त्याच्याच व्हिसाला बांधलेला. ग्लेनने आमच्यासाठी तिकडची सगळी व्यवस्था केव्हाच करून ठेवली होती, घराच्या तळमजल्यावरची खोलीसुद्धा रंगवून घेतली होती. त्याच्याकडे राहायला जायचं, कायमचं. मला जायचंच होतं. फिलिपलाही जायचं होतं, पण मुलाच्या घरी जाऊन बसून खायचं, ही गोष्ट काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. सप्टेंबरात आम्ही सुट्टीवर तिकडे गेलो आणि कुंपणाचा विषय निघताच त्याचा चेहरा असा उजळला की मी मनात म्हटलं, सुटलो. याला तिथे राहायला कारण सापडलं.

"डॅड, यू आर ऑन व्हेकेशन," ग्लेन म्हणाला.

"गप रे. हे काम तुझ्या बापाचं आहे."

आणि दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला. इथल्या वाळूत खांब कसा बसवायचा, हे मला स्वयंपाकाइतकं पाठ आहे, इतकं मी ते ऐकलंय. वाळूत खोल खणून उपयोग नसतो. खणाल तितकी ती परत आत ढासळते. म्हणून खड्डा बेताचा घ्यायचा, पण रुंद. काँक्रीट सढळ हाताने ओतायचं आणि वर, जमिनीलगत, खांबाभोवती त्याची चांगली पसरट टोपी करायची. मग वाऱ्याने कितीही ढकललं तरी ते वजन खांबाला धरून ठेवतं. विनिपेगची माती काळी, चिकट. तिच्यात खड्ड्याच्या कडा कापल्यासारख्या सरळ उभ्या राहायच्या. फिलिप हरखून गेला. "काय माती आहे! हिच्यात तर गुडघाभर पण पुष्कळ झालं," तो म्हणाला. गुडघाभर खणलं, ओळंबा लावून एकेक खांब सरळ केला, आणि प्रत्येकाच्या पायाशी अशी ऐसपैस टोपी केली की एला तिच्यावर चढून उभी राहायची आणि खाली उडी मारायची. शेजारचे म्हातारे गृहस्थ कॉफीचा मग घेऊन आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दॅट्स अ लॉट ऑफ काँक्रीट."

"बघ, त्यालाही पटलं," फिलिप मला म्हणाला.

मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं, हे मला आजही नीट आठवतं. मला आमच्या वसईच्या वाडीतलं कुंपण आठवत होतं. तिथे कुंपण घालायचं म्हणजे पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याचे खुंट तोडून आणायचे आणि जमिनीत खोचून द्यायचे. किती खोल, हे कुणी विचारायचं नाही. श्रावणात त्यांना पानं फुटायची. पुढे पुढे त्या खुंटांची झाडं व्हायची आणि कुंपण कुठलं नि वाडी कुठली, ते ओळखू येईनासं व्हायचं. माझे वडील खुंट खोचून झाला की त्याच्याकडे वळूनही बघायचे नाहीत. फिलिप मात्र संध्याकाळी, हात धुऊन झाल्यावर, एकेका खांबाला धक्का देऊन बघायचा. एकही हलत नव्हता.

मग आम्ही परत आलो. इथे खिडक्या उघडायचे दिवस आले आणि तिथे बर्फ पडू लागला. दर रविवारी संध्याकाळी, चर्चमधून आल्यावर, आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून व्हिडिओ कॉल करायचो. तिथे तेव्हा सकाळ असायची. पांढऱ्या अंगणात कुंपण फार देखणं दिसायचं. फिलिप ऑफिसातल्या सगळ्यांना त्याचा फोटो दाखवून आला. नाताळच्या आसपास शेरिल बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, ते गेट थोडं स्टक होतंय. बाकी एव्हरीथिंग इज फाइन."

फिलिपचा हात चहाच्या कपावरच थांबला. "स्टक म्हणजे? खाली घासतंय की वर?"

तेव्हापासून आमचे रविवार गेले. एलाला बघायचं, तिचं गाणं ऐकायचं, ते सगळं बाजूला राहिलं. "ग्लेन, जरा बाहेर जा. खांबाचं बूड दाखव." ग्लेन बिचारा टोपी, हातमोजे, बूट चढवून बाहेर जायचा, फावड्याने बर्फ बाजूला करायचा आणि फोन खाली धरायचा. त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या दिसायच्या. इकडे फिलिप अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, पायात रबरी चपला घालून ओरडत असायचा, "अजून खाली दाखव. खाली!" काँक्रीटच्या टोपीच्या आणि जमिनीच्या मधे आधी एक फट दिसली. पुढच्या खेपेला त्या फटीत ग्लेनची बोटं जात होती. नंतर मूठ गेली. एकदा तर दाखवता दाखवता थंडीने त्याचा फोनच बंद पडला. समोरचा पडदा काळा झाला आणि आम्ही दोघं आमच्याच चेहऱ्यांकडे बघत बसलो.

"बस झालं आता, फिलिप," मी म्हणाले. "आजारी पडेल तो पोरगा."

पण त्याला चैन नव्हती. जानेवारीभर तो कामावरून आला की बर्फाळ मुलखातल्या माणसांचे खांब रोवण्याचे व्हिडिओ बघत बसायचा. आणि मग जेवताना मला समजावून सांगायचा. पाणी गोठलं की फुगतं. जमिनीतलं पाणी गोठलं की जमीनच फुगून वर येते, आणि येताना त्या पसरट टोपीला खालून धरून सगळा खांब उचलते. खाली जी पोकळी होते तिच्यात बर्फ वितळताना चिखल जाऊन बसतो. मग खांबाला परत खाली जायला जागाच राहत नाही. पुढच्या हिवाळ्यात तो आणखी वर येतो. तिथे गुडघाभर खणून भागत नाही, गारठा जिथवर उतरतो त्याच्याही खाली, छातीभर जावं लागतं. खड्डा वरपासून तळापर्यंत सरळ पाहिजे, झालाच तर तळाशी थोडा रुंद. काँक्रीट जमिनीच्या आतच थांबवायचं. वरच्या भागात भोवतीने खडी भरायची, म्हणजे पाणी निचरून जातं आणि बर्फाला धरायला काही मिळत नाही.

"जे इथे धरून ठेवतं ना, तेच तिथे उपटून काढतं," तो म्हणाला.

मी हं म्हटलं. सुरमईचा तुकडा माझ्या ताटात गार होऊन गेला होता. दिवसभर शाळेत पालकांचे फोन घ्यायचे, संध्याकाळी बर्फ ऐकायचा. बाहेर इतकी सुंदर हवा होती, लोक समुद्राकाठी कॉर्निशवर फिरायला जात होते, वाळूत तंबू ठोकून बिर्याणी खात होते. त्या सबंध हिवाळ्यात आम्ही एकदाही कुठे गेलो नाही.

नाही म्हणायला एकदा गेलो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी फिलिप म्हणाला, यल्ला, जरा बाहेर जाऊन येऊ. मी केस विंचरून, बरा ड्रेस घालून निघाले. गाडी मुसफ्फाला त्याच्या कंपनीच्या यार्डात जाऊन थांबली. त्याने डिकीतून फावडं काढलं आणि यार्डाच्या मागच्या मोकळ्या वाळूत खणायला लागला. छातीभर खोल, सरळ कडांचा खड्डा त्याला हाताने करून बघायचा होता. वॉचमन खानभाई खुर्ची सोडून आले.

"साब, छुट्टी के दिन किसके लिए खोद रहे हो?"

"कॅनडा के लिए."

खानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ते परत जाऊन खुर्चीत बसले.

वाळूच ती. फावडंभर काढली की दोन फावडी आत यायची. त्याने नळी आणून पाणी मारलं, कडा थोड्या वेळ उभ्या राहिल्या आणि ऊन लागताच पुन्हा सुटल्या. सरळ खड्डा होण्याऐवजी एक मोठी परात तयार झाली आणि तिच्या मधोमध माझा नवरा कमरेपर्यंत उभा, बुटांत वाळू, कपाळावर वाळू. मला त्याची कीव आली नाही. मला राग आला.

"फिलिप, तिथे वाळू नाहीये!" मी गाडीतूनच ओरडले. "इथे खणून तिथलं येणार आहे का तुला?"

"मग कुठे खणू?" तो म्हणाला. "तिथे जाऊन? सुनेसमोर?"

मी गाडीतून उतरले आणि कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून दोन करक चहा घेऊन आले. परातीच्या काठावर बसून आम्ही ते प्यायलो. चहा संपत आला तेव्हा तो कागदी कपात बघत म्हणाला, "कंपनीने विचारलं, अजून एक वर्ष थांबतोस का. मी हो म्हटलंय. कुंपण असं टाकून मला त्याच्या घरात जाता येणार नाही."

मला विचारलं नव्हतं. मी सामान आवरायला घेतलं होतं. हिवाळ्याचे कपडे कुठले घ्यायचे याचा विचार करत होते, एलासाठी लाल स्वेटर अर्धा विणून झाला होता. त्या क्षणी मला जो थकवा आला तो अजून अंगातून गेलेला नाही. खरं सांगते, मला रडूही आलं नाही.

एप्रिलमध्ये तिकडचा बर्फ वितळला. ग्लेनने फोन धरून अंगणभर फिरून दाखवलं. पोरांचे दात पडायच्या वयात दिसतात तशी खांबांची रांग दिसत होती, एक वर, एक त्याहून वर, एक बाजूला कललेला. टोप्या जमिनीवर उघड्या पडल्या होत्या. गेट दोरीने बांधलेलं होतं.

"दोरी कशाला?" फिलिपने विचारलं.

ग्लेन काही बोलण्याआधी शेरिलच बोलून गेली. "ते नीट लागत नव्हतं ना, पप्पा. एला वेंट आउट. काही झालं नाही, शी वॉज जस्ट स्टँडिंग देअर, तळ्याच्या बाजूला. मी लगेच पकडली तिला."

मग ग्लेन म्हणाला, अगदी शांतपणे म्हणाला, "इट्स फाइन, डॅड. समरमध्ये मी एखादा माणूस बोलावतो."

"हो. बोलव," फिलिप म्हणाला आणि उठून आत गेला.

मी फोन ठेवला तेव्हा तो मोरीत तोंड धूत होता. नळ बराच वेळ चालू होता. इथल्या व्हिलांमध्ये गेली कित्येक वर्षं कुणाचंही कुंपण पडलं की घरातली माणसं एकमेकांना हेच म्हणत आली होती, माणूस बोलावू या. तो माणूस फिलिप असायचा. मुलाच्या घरी मात्र आता दुसरा कुणी येणार होता. त्या दिवसानंतर त्याने कुंपणाचं नावही काढलं नाही. व्हिडिओ बघणं बंद झालं. रविवारी तो एलाशी दोन शब्द बोलायचा आणि पेपर घेऊन बसायचा. मग उन्हाळा आला, खिडक्या बंद झाल्या, एसी सुरू झाला. आम्ही कामावर जात राहिलो, परत येत राहिलो. लाल स्वेटर पुरा झाला तोवर एलाला तो लहान होणार हे दिसत होतं. मी तो तसाच पाठवून दिला.

आणि आता पुन्हा हे दिवस. गेल्या आठवड्यात ग्लेनचा फोटो आला. माणूस येऊन गेला होता. नवं कुंपण, सरळ, एका रेषेत. मी फोन फिलिपसमोर धरला. त्याने चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून प्रत्येक खांबाचं बूड बघितलं, अगदी एकेक करून.

"टोपी नाही," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "खडी टाकलीय. बरोबर केलंय." मग फोन मला परत दिला. "आता तिथे माझं काय काम?"

"काही नाही."

"कंपनी अजून एक वर्ष देतेय."

समोरच्या मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती. त्यांचा आरडाओरडा चालू होता म्हणून मला आवाज चढवावा लागला, की तो आपोआप चढला, कोण जाणे. "मी दमलेय, फिलिप," मी म्हणाले. "अजून एक वर्ष, अजून एक वर्ष, हे ऐकून मी दमलेय. काम नाही म्हणूनच जायचं. मला कुठेतरी एकदा नुसतं बसायचंय आणि शेजारी तू बसलेला पाहिजेस. मला दुसरं काही नको."

तो रात्री जेवला, झोपला, सकाळी डबा घेऊन कामाला गेला. माझं बोलून झालं होतं. शाळेत मी दिवसभर मान डोलावत कुणाकुणाचं ऐकून घेत होते, आणि एकही शब्द माझ्या डोक्यात शिरत नव्हता.

काल तो लवकर घरी आला. पाच वाजले होते. हातपायही न धुता गॅलरीत आला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "कंपनीला नाही म्हणून सांगून आलो. ग्लेनला फोन लाव."

आठवड्याच्या मधे आम्ही कधी फोन करत नाही. तिथे सकाळचे सात, त्याची ऑफिसला निघायची गडबड. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "मम्मी, व्हॉट हॅपन्ड? डॅड ओके ना?"

"काही झालं नाही रे. आम्ही येतोय. मार्चमध्ये."

"ओह. गुड, गुड." त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "फॉर हाऊ लाँग?"

त्याच्या विचारण्यात वावगं काही नव्हतं. इथे वाढलेला मुलगा; प्रत्येकाच्या व्हिसाला मुदत असते म्हणून येणाऱ्या माणसाला हे विचारायचंच असतं, अशा घरात वाढलेला. पण कायमचं हा शब्द मी मनात इतकी वर्षं घोळवला होता आणि नेमका तो तोंडातून बाहेर पडत नव्हता. एक वर्ष पुढे ढकलताना आपण त्यांना गृहीत धरलं, आता त्यांचं मन बदललं असलं तर, असंही आलं मनात. फिलिपने माझ्या हातातून फोन घेतला.

"परतीचं तिकीट काढत नाहीये," तो म्हणाला. आणि मग, खालच्या आवाजात, "चालेल?"

आयुष्यात कधी त्याने मुलाला असं काही विचारलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. खालच्या मैदानाकडे बघत राहिले. पलीकडून एलाचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, कुठलंसं दार लागलं. मग ग्लेन बोलला, तेव्हा त्याचा आवाज त्याच्या ताब्यात नव्हता.

"डॅड, तिथून जॅकेट नका घेऊ," तो म्हणाला. "तिथली इथे चालत नाहीत. मी घेऊन ठेवतो, तुम्हा दोघांची."

"बरं," फिलिप म्हणाला.